शांतता, गुरुवारी बारापर्यंत

१ जून, मंगळवार

...आणि म्हणूनच बुजेया मॅडमचं म्हणणं मला काही केल्या पटत नाही. काल अर्धवट लिहून वही मिटली, आज पुढे लिहिते. त्या म्हणतात, तळटीप आहे तिथे बरी आहे. मी म्हणते, ती तिथे आठ महिने नुसती बसून आहे आणि का बसलीय ते कोणालाच माहीत नाही.

सेहेचाळीस पानांचा मसुदा. कुठल्याही देशाची रुग्णवाहिका पेशंटला घेऊन सीमा ओलांडेल आणि सरळ जवळच्या हॉस्पिटलात जाईल. वाटेत थांबायचं नाही, कागदपत्रं मागाहून. एवढंच. विषय असा आहे की युरोपच्या संघातल्या सत्तावीसच्या सत्तावीस सरकारांनी हो म्हणावं लागतं. सव्वीस म्हणाली. आणि नवव्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ: ‘माल्टा : तपासणी चालू आहे.’

आम्ही. ज्यांच्या चारी बाजूंना पाणी आहे. ‘तुमच्या रुग्णवाहिकेला सीमा ओलांडायची तर आधी पोहायला शिकवावं लागेल,’ असं नेझा आज कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली. नेझा स्लोव्हेनियाकडून हाच विषय बघते. सगळे हसले. मीही हसले, आणि मग लक्षात आलं की या टेबलावर हसायचा हक्क फक्त मला नाहीये.

मॅडमना जाऊन विचारलं. मॅडम आमच्या इथल्या ऑफिसात दोन नंबरच्या, ब्रसेल्समध्ये नऊ वर्षं काढलेल्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “लिओना, तळटीप म्हणजे भिंतीतला खिळा. आज त्यावर काही टांगलेलं दिसत नाही म्हणून उपटायचा नसतो.”

“पण टांगायचंय काय, मॅडम?”

“ते भिंतवाल्यांना विचार.”

भिंतवाले म्हणजे तिकडे राजधानीत, वॅलेटामधलं आमचं खातं. मॅडमना असं गोल गोल बोलायची सवयच आहे. मला वाटतं जास्त वर्षं इथे राहिलं की माणूस सरळ बोलणं विसरतो. मी नाही विसरणार. शाळेत सिस्टर आम्हाला युरोप दिनाला निळी फीत लावून उभं करायच्या तेव्हापासून मला इथेच यायचं होतं. सहा महिन्यांची नेमणूक आहे, तीस जूनला संपते. कायम व्हायचं तर मॅडमची शिफारस लागणार. तोपर्यंत एक तरी चांगलं काम माझ्या हातून व्हावं. एक तरी.

३ जून, गुरुवार

आज मी देशाच्या वतीने बोलले. पहिल्यांदा. मॅडम दुसऱ्या मीटिंगला होत्या.

बोलायचं असेल तर समोरची देशाच्या नावाची पाटी उचलून उभी करायची. आठ महिने आमची पाटी आडवीच असते म्हणे, कारण आम्हाला काही बोलायचंच नसतं, तळटीप बोलते. आज अध्यक्षांनीच विचारलं. अध्यक्ष सध्या लिथुआनियाचे, राम्यूनास नावाचे, कायम झोप न झाल्यासारखे डोळे. म्हणाले, “माल्टाची तपासणी कितपत आलीय?” मी पाटी उभी केली, ती पडली, परत उभी केली. मग म्हटलं, “तपासणी चालू आहे.”

एवढंच सांगायची परवानगी होती. दुभाष्यांनी ते चोवीस भाषांत सांगितलं, म्हणजे माझा मूर्खपणा चोवीस वेळा झाला.

पण कॉफीच्या वेळी एक चांगली गोष्ट घडली. मोजेवाला स्वतःहून बोलायला आला. (नाव लिहीत नाही, देशही नाही. मोठा देश आहे एवढं पुरे. रोज भडक मोजे घालतो, आज नारिंगी.) तो म्हणाला, “छोटे देश घाई करत नाहीत, हे मला फार आवडतं. तुम्ही आहात म्हणून बाकीचे विचार करतात.”

मी म्हटलं, “पण तुमचा देश तर या कायद्याच्या बाजूने आहे ना?”

“अर्थातच. प्रत्येक मीटिंगला आम्हीच तर बाजूने बोलतो.” मग साखर ढवळत, “तुमची तळटीप मात्र पक्की आहे ना?”

मी म्हटलं, हो. आणखी दोनदा विचारलं त्याने. मला वाटतं मी नवीन आहे म्हणून त्याला माझी काळजी वाटते. एवढ्या मोठ्या देशाचा माणूस, आणि किती साधा.

४ जून

दिवसभर पाऊस. आईचा फोन. साल्वूमामा विचारत होता की मासेमारीच्या त्या तरंगत्यांचं, मासे सावलीला यावेत म्हणून तो समुद्रात सोडतो त्यांचं, ब्रसेल्समध्ये काय चाललंय. मी म्हटलं, आई, तो वेगळा विभाग, वेगळा मजला, माझा काही संबंध नाही. ती म्हणाली, “अगं पण एकाच इमारतीत आहात ना?”

हिला कसं समजावू.

८ जून, मंगळवार

नेझाने मला बाहेर नेलं, हिरवळीवर. पिशवीभर चेरी आणल्या होत्या. मला वाटलं परत टोमणे. तिने टोमणा मारला नाही म्हणून मीच विचारलं, “तू एवढी का मागे लागलीयेस या कायद्याच्या? बाकीचे तर फाईल म्हणून बघतात.”

ती बिया गवतात थुंकत होती. म्हणाली, “आमचं गाव नदीवर आहे. अकरा किलोमीटरवर हॉस्पिटल, पण पुलापलीकडे, दुसऱ्या देशात. आमच्या बाजूचं हॉस्पिटल साठ किलोमीटर. आईला अर्धांगाचा झटका आला. आमची रुग्णवाहिका पुलाच्या मध्यापर्यंत आली. तिथे पांढरा पट्टा आहे. पट्ट्याच्या पुढे जायची परवानगी नाही.”

“मग?”

“मग पलीकडची गाडी येईपर्यंत थांबायचं. ती आली की स्ट्रेचर या गाडीतून त्या गाडीत. अडतीस मिनिटं लागली. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांचे साडू आहेत. आमचा ड्रायव्हर फोनवर त्याला शिव्या देत होता, लवकर ये म्हणून. तो जेवणावरून उठून आला बिचारा. मी खिडकीतून त्या पट्ट्याकडे बघत होते.”

“आई...?”

“आहे. उजवा हात गेला. डाव्या हाताने लिहायला शिकतेय, साठाव्या वर्षी. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर चार शब्द लिहिलेत तिने, त्यातले दोन मला वाचता आले.” चेरी खात राहिली. “सीमेवरच्या सरकारांचं पटतं असं नाही हं. आमच्या बाजूचा मंत्री पहिल्यांदा म्हणाला की त्यांच्या गाड्या आमच्या रस्त्यावर नकोत. त्याला समजवायला मला एक वर्ष लागलं. आता तो हो म्हणतोय. निवडणूक आली की परत नाही म्हणेल.”

म्हणजे आत्ताच झालं तर झालं. तीस जूनला लिथुआनियाचं अध्यक्षपद संपतं. पुढच्या देशाने त्यांची सहा महिन्यांची यादी छापलीसुद्धा. त्यात रुग्णवाहिका नाही.

मी तिला चेरीबद्दल थँक्यू म्हटलं. नवव्या पानावर माझ्याच देशाचं नाव आहे.

१० जून, गुरुवार

झालं. राम्यूनास यांनी शेवटचा मसुदा सगळ्यांना पाठवला. मुदत: गुरुवार, १७ जून, दुपारी बारा. शांततेची मुदत. म्हणजे तोपर्यंत कोणी काही लिहिलं नाही तर सगळ्यांना मान्य असं धरायचं. कोणी एक ओळ जरी लिहिली तरी शांतता मोडली आणि विषय संपला. पुन्हा मीटिंग घ्यायला आता तारीखच उरलेली नाही.

आणि तळाशी, मी तीनदा वाचलं: ‘पूर्वीच्या सर्व तळटिपा या मसुद्यातून काढल्या आहेत. ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीत नव्याने लिहावं.’

म्हणजे आमची तळटीप आता नाहीये. बोलायचं असेल तर नव्याने बोलावं लागेल.

वॅलेटाला ताबोनेसाहेबांना मसुदा पाठवला, सूचना मागितल्या. हा विषय तिकडून तेच बघतात, तीस वर्षं नोकरी झालीय, या डिसेंबरात निवृत्त.

११ जून, शुक्रवार

मेलचं उत्तर नाही म्हणून फोन केला.

“अगं पोरी, तळटीप आहे ना?”

“साहेब, होती. पण आता मसुद्यात लिहिलंय की...”

“होती म्हणजे आहे. आठ महिने आहे. मंत्रीसाहेबांचा स्पष्ट शब्द आहे, माल्टाची हरकत कायम. तू काही करू नकोस. तुम्हा नवीन मुलांना सारखं काहीतरी करायचं असतं.”

“साहेब, शेवटचं पान वाचलंत का? शांततेची मुदत...”

“शांतता हवीच आहे आम्हाला. तिकडे पाऊस आहे का? इकडे नुसती भट्टी. बुधवारपासून उन्हाळ्याचा अर्धा दिवस सुरू, देवाची कृपा.”

मी म्हटलं, लेखी पाठवाल का. पाठवलं. दीड ओळ: ‘माल्टाची तळटीप कायम आहे. आपण काहीही करण्याची गरज नाही.’

मी हे वाचून खुर्चीवरून उठले, परत बसले. दोन्ही वाक्यं एकत्र खरी होऊ शकत नाहीत. पहिलं पाळायचं तर काहीतरी करावं लागेल. दुसरं पाळलं तर पहिलं राहत नाही.

परत फोन करायला हवा होता. केला नाही. शुक्रवार होता, चार वाजले होते, असं मी स्वतःला सांगतेय.

१२ जून

कपडे धुतले. काही सुचत नाही. पुलावरचा पांढरा पट्टा रंगवतं कोण असेल? दोन्हीकडची माणसं मिळून रंगवतात की अर्धा अर्धा?

१४ जून, सोमवार

मॅडमना मेल दाखवला. दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचला.

“लेखी आलंय.”

“हो मॅडम. पण असं आहे की काही केलं नाही तर...”

“तारीख आहे, नाव आहे. ‘काहीही करण्याची गरज नाही.’”

“मॅडम, पण त्यांना कळलेलं नाही की...”

“लिओना.” त्यांनी चष्मा परत लावला. “मी तुला काही विचारलंय का? मी फक्त वाचतेय.”

मग म्हणाल्या की याची प्रत छाप, मिळाल्याची सही कर, फाईलला लाव. आणि गुरुवारी सकाळी त्यांना दाढ काढायची आहे, फोन बंद राहील, दुपारनंतर येतील. जाता जाता दारात थांबल्या. “वॅलेटाचे निर्देश शब्दशः पाळायचे असतात. अर्थ लावत बसलं की घोळ होतात.”

खरं सांगते, मला जरा रागच आला. नऊ वर्षं इथे काढून शांततेची मुदत म्हणजे काय हे यांच्या लक्षात येऊ नये? मी दोन वेळा सांगायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मला बोलूच दिलं नाही. दाढ दुखत असेल. दुखण्यात माणसाला समोरचं ऐकू येत नाही.

१५ जून, मंगळवार

मोजेवाल्याने जेवायला बोलावलं. चांगल्या ठिकाणी. मोजे पोपटी.

सूप येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा. मग, “गुरुवारी तुम्ही शांतता मोडताय, असं धरू ना?”

ताबोनेसाहेबांचं पहिलं वाक्य होतं, तेच म्हटलं. “आमच्या सरकारची भूमिका बदललेली नाही.”

एकदम खुलला तो. पुडिंग मागवलं, मलाही. म्हणाला, “मग मला पत्र लिहायला नको. आमच्या विमा कंपन्या राजधानीत फार आरडाओरडा करतायत हो, परदेशी गाड्यांचे खर्च कोण सोसणार म्हणून. पण आम्ही नाही म्हणालो तर वर्तमानपत्रं फाडून खातील. तुम्ही काय, बेट. तुम्हाला कोणी काही म्हणत नाही.”

मी मान हलवली. रूमवर येऊन विचार करतेय, कसलं पत्र? त्यांचा देश तर बाजूने आहे. बहुतेक अभिनंदनाचं पत्र लिहिणार असतील कायदा झाल्यावर, आणि मी भूमिका सांगितल्यावर ते लिहायचे कष्ट वाचले. पण मग विमा कंपन्यांचं मधेच काय? काहीतरी निसटतंय माझ्याकडून. पुडिंग छान होतं.

१६ जून, बुधवार

आज दोन मेल लिहून ठेवले. पहिला ताबोनेसाहेबांना, स्वच्छ शब्दांत: बारापर्यंत आपण लिहिलं नाही तर आपण संमती दिली असं होईल. दुसरा राम्यूनास यांना, एका ओळीचा: माल्टा शांतता मोडत आहे. दोन्ही ड्राफ्टमध्ये पडून आहेत.

दोन वाजता वॅलेटाला फोन केला. वाजत राहिला. अर्थातच. आजपासून अर्धा दिवस, दीडला सगळे समुद्रावर.

आता एक गोष्ट इथे लिहिते, इथे नाही लिहायची तर कुठे. मी दोनला का केला फोन? अकरालाही करता आला असता. अकराला मी काय करत होते? स्टेपलरच्या पिना भरत होते.

आई म्हणाली, मामाने या वर्षीच्या खजुराच्या झावळ्या तोडायला सुरुवात केली. तरंगते बांधायला. ऑगस्टमध्ये लांपुकी मासळी येते, तिच्यासाठी सावली हवी. नवीन नियम आला तर ते झावळ्यांचे तरंगते चालणार नाहीत, कारखान्यातलेच घ्यायला लागतील, म्हणून आमचं सरकार सूट मागतंय म्हणे. मी हं हं केलं. माझं लक्षच नव्हतं.

१७ जून, गुरुवार

सकाळी साडेनऊ. ऑफिसात मी एकटीच. मॅडमचा फोन खरंच बंद. करून बघितला.

दहा वीस. ताबोनेसाहेब आत्ता जागेवर असतील. फोनकडे बघतेय. शब्दशः पाळायचे असतात. मी शब्दशः पाळतेय.

अकरा. इतरांची पत्रं आली का बघितलं. एकही नाही.

अकरा पंचवीस. कॉफी सांडली. बरं झालं, पुसायला दहा मिनिटं गेली.

अकरा एक्कावन्न. राम्यूनास यांना लिहिलेला मेल उघडलाय. बटण तिथेच आहे. मी जर पाठवला तर मंत्र्यांना जे हवंय ते होईल. देशाचं सरकार निवडून आलेलं आहे, मी नाही. मला कोणी निवडून दिलेलं नाही. हे मला कळतं. खरंच कळतं.

बारा.

बारा चार. ‘मुदतीत कोणत्याही देशाची हरकत आलेली नाही. मसुदा मान्य झाला आहे. सर्वांचे आभार.’

संध्याकाळी लिहितेय. बारा नऊला मोजेवाल्याचा फोन. “तुमचं पत्र कुठाय?” मी म्हटलं, कुठलं? “अहो तुमची हरकत. बदललेली नाही म्हणालात ना?” मी म्हटलं, भूमिका बदललेली नाही. मग, “आम्ही तुमच्यावर विसंबून होतो,” असं म्हणून ठेवला.

नेझाने सांगितलं तेव्हा उलगडलं. तिला आणखी दोन देशांच्या लोकांनी तेच विचारलं होतं: माल्टाचं पत्र कसं आलं नाही? म्हणजे तीन-चार सरकारांना हा कायदा नकोच होता. प्रत्येकाने तोंडाने हो म्हणायचं आणि नाही म्हणायचं काम आमच्यावर सोडून द्यायचं, असं आठ महिने चाललं होतं. आज सगळे आमची वाट बघत गप्प बसले.

नेझा ऑफिसच्या दारात आली आणि जमिनीवरच बसली, पाठ दरवाजाला लावून. मग म्हणाली, “तुमच्या बेटाला अक्कल कशी काय आली?”

मी म्हटलं, “तपासणी पूर्ण झाली.”

१८ जून, शुक्रवार

मॅडम गाल सुजवून आल्या. “निर्देश पाळलेस?”

“हो मॅडम.”

“शब्दशः?”

“शब्दशः.”

“छान.” आणि हसल्या, सुजल्यामुळे अर्ध्याच बाजूने. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांना अजून बातमी कळली नसावी, असं वाटून मी सांगितली. “अच्छा,” म्हणाल्या, आणि संगणक सुरू केला.

अकराला ताबोनेसाहेब. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आवाज एकदम बसलेला. “पोरी, काय केलंस?”

“काही नाही केलं, साहेब. तुम्ही म्हणालात तसं.”

“तळटीप कशासाठी होती ते माहितीय का तुला? तरंगत्यांसाठी होती ती. सोमवारी मासेमारीच्या मंत्र्यांची बैठक आहे. लिथुआनियाला रुग्णवाहिकेचा कायदा त्यांच्या काळात करून दाखवायचा होता. ते आपल्याला झावळ्यांच्या तरंगत्यांची सूट देणार, आपण तळटीप काढणार. मंत्र्यांच्या पातळीवर ठरत आलं होतं. आता ते सूट कशाला देतील? त्यांचं काम झालं.”

मी विचारलं, “हे मला कोणी का नाही सांगितलं?”

“खिळ्याला कोणी सांगतं का, तुझ्यावर काय टांगणार आहोत ते?”

फोन ठेवल्यावर मी मॅडमच्या केबिनच्या काचेतून बघितलं. त्या गालावर बर्फ धरून शांतपणे टाईप करत होत्या. त्यांनाही माहीत नसणार. माहीत असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं.

२१ जून, सोमवार

सूट मिळाली नाही. मासेमारीच्या मसुद्यात आमच्या नावाचा उल्लेखसुद्धा नाही.

आईने फोन मामाच्या हातात दिला. तो मोठ्याने बोलतो, इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय. “काय गं, एवढी मोठी साहेबीण झालीस, तिकडे आपल्या बाजूने शब्द टाकणारं कोणी नाही का?”

मी म्हटलं, मामा, तो वेगळा विभाग आहे.

“असू दे, असू दे. तू नीट जेव. झावळ्या तोडल्यात मी, आता काय करू सांग? बकऱ्यांना घालतो. बकऱ्या तरी खूश होतील.” आणि खोखो हसला. मागून आई म्हणत होती, दे इकडे, दे, रडवू नकोस पोरीला.

मी रडत नव्हते.

२५ जून, शुक्रवार

काल मंत्र्यांच्या बैठकीत कायदा औपचारिक मंजूर झाला. चौदा विषयांची यादी एकत्र, चर्चेशिवाय. वाचायला जेवढा वेळ लागला तेवढाच. गॅलरीत मी आणि नेझा दोघीच. तिने माझा हात धरला होता, इतका घट्ट की अंगठी रुतली.

बाहेर आल्यावर म्हणाली, “दीड वर्षाने लागू होईल. तोवर आमचा मंत्री परत फिरायचा म्हणाला तरी त्याला फिरता येणार नाही.” मग माझ्याकडे बघून, “तुझा चेहरा का असा?”

तरंगत्यांचं सांगावंसं वाटलं. मामाचं सांगावंसं वाटलं. पण तिचा एक दिवस होता हा. मी म्हटलं, दाढ दुखतेय.

मोजेवाला कॉरिडॉरमधून गेला, नमस्कार नाही.

२८ जून, सोमवार

वॅलेटाहून पत्र. चौकशी. दोन प्रश्न आहेत, उत्तर फक्त हो किंवा नाही, ३० जूनला दुपारी बारापर्यंत. उद्या तिकडे सणाची सुट्टी म्हणून एक दिवस जास्त.

पहिला: ११ जूनचा निर्देश आपल्याला मिळाला होता का? हो. फाईलला लावलाय, माझी सही आहे. मॅडमचीही असायला हवी होती, पण नाहीये, गडबडीत राहिली असेल.

दुसरा: उत्तर न दिल्यास संमती धरली जाईल, याची निर्देश मिळाला तेव्हा आपल्याला कल्पना होती का?

मॅडमनी बोलावलं. टेबलावर माझ्या कायम नेमणुकीचं शिफारसपत्र, टाईप केलेलं, तारीख ३० जून, सही बाकी. पत्राकडे बघतच बोलल्या. “तू नवीन आहेस. नवीन माणसाला नियम माहीत नसतात, हे सगळ्यांना मान्य असतं. तू ‘नाही’ असं लिहिलंस तर कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही.”

“पण मग चूक कोणाची ठरेल?”

“निर्देश ज्याने लिहिला त्याची.”

“ताबोनेसाहेब डिसेंबरात निवृत्त होतायत.”

“हो ना. म्हणजे त्यांचं फार काही बिघडायचं नाही.” मग, “आणि लिओना, ‘हो’ लिहिलंस तर पुढचा प्रश्न असा येईल की तू कोणाला सांगितलं होतंस का. विचार करून ठेव.”

मी म्हटलं, “मी तुम्हाला सांगत होते मॅडम, पण तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.”

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “नाहीच बोलू दिलं.”

त्यांनी हे एवढ्या प्रेमाने का म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

२९ जून, मंगळवार

घरी आज सगळे रानात सशाचं जेवण करायला गेलेत. फोटो आलेत. मामा मधोमध, हातात वाइनची बाटली.

सकाळपासून ते पान समोर ठेवून बसलेय. ‘नाही’ असं लिहिलं तर नोकरी राहील, इथे राहीन, पुढच्या वेळी कदाचित मामासाठीही शब्द टाकता येईल. कोणाला टाकता येतो तो शब्द, हे आता मला थोडं थोडं समजायला लागलंय. पण एक म्हातारा माणूस तीस वर्षांच्या नोकरीनंतर मूर्ख ठरून घरी जाईल, आणि तो एवढा मूर्ख नव्हता. त्याने शेवटचं पान वाचलं नव्हतं, एवढंच. मी वाचलं होतं. तीनदा.

‘हो’ लिहिलं तर मला उद्याच बॅग भरावी लागेल. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, हो म्हणताना मला सांगावं लागेल की निवडून आलेल्या सरकारने नाही म्हटलेलं असताना मी, लिओना शुएरेब, वय चोवीस, मनाने हो म्हणून बसले. पुलावरच्या त्या बाईंसाठी मी ते परत करेन. आजही करेन. पण मामाला त्याच्या होडीवर उभं राहून हे सांगायची माझी हिंमत नाही. मग माझं बरोबर होतं असं कसं म्हणू?

ही वही कोणाला वाचायला देणार नव्हते. तरी कधी कोणाच्या हाती पडली आणि तुम्ही इथवर आलात, तर तुम्हालाच विचारते, कारण इथे कोणाला विचारायची सोय नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर दुसऱ्या प्रश्नासमोर काय लिहिलं असतंत, हो की नाही?